एका जुन्या अकॉर्डियनची दुरुस्ती आणि रियाज

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाने घर बदलताना आपल्या दिवंगत वडिलांचे अकॉर्डियन माझ्याकडे सोपवले. वडील चर्चच्या गायनवृंदाला साथ करत आणि तरुणपणी शहरातल्या एका ऑर्केस्ट्रातही वाजवत असत. मुलांपैकी मात्र कोणी ते वाद्य हाती धरले नव्हते. मी लहानपणापासून हार्मोनियम वाजवते, गंगापूर रोडला घरीच विद्यार्थ्यांना शिकवते आणि एका हौशी भावगीत गटाला साथ करते, एवढ्या ओळखीवर त्यांनी ते मला दिले. अट एकच घातली, की वाद्य दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवायचे नाही, ते वाजते करायचे. पुढे त्याची दुरुस्ती झाली, भाता आणि डाव्या हाताची बटणे मी शिकले आणि शेवटी गाण्यांच्या साथीला ते बसवले. हे सगळे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अकॉर्डियनबद्दल जे वाईट बोलले जाते त्यातले खरे किती, हे मला या काळात प्रत्यक्ष वाद्य उघडून तपासता आले.

ही बदनामी नवी नाही आणि आपल्यापुरती मर्यादितही नाही. युरोप-अमेरिकेत अकॉर्डियनवरच्या विनोदांना तोटा नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य घरोघरी शिकले जात होते. मग रॉक अँड रोल आले, तरुणांच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली आणि अकॉर्डियन हे आईवडिलांच्या पिढीचे, लग्नसमारंभात पोल्का नाचाच्या धुना वाजवण्याचे वाद्य ठरले. आपल्याकडे वाट निराळी होती, पण मुक्काम तोच. शंकर-जयकिशन यांच्या काळात चित्रपटसंगीतात त्याला मानाचे स्थान होते आणि राज कपूर यांच्या गळ्यात ते पडद्यावरही दिसले. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड स्वस्त झाले, ऑर्केस्ट्रांनी अकॉर्डियनचा आवाज कीबोर्डच्या एका बटणावर मिळवला आणि खरे वाद्य कपाटावर गेले. मी ते घरी आणल्यावर संगीतातल्याच जाणत्या मंडळींनी नापसंती दाखवली. कोणी त्याला कर्कश म्हटले, कोणी सांगितले की सुरात लागलेले अकॉर्डियन आपण कधी ऐकलेलेच नाही, आणि बहुतेकांचे म्हणणे असे पडले की पेटीलाच आपल्या संगीतात बसवताना इतका त्रास झाला, तेव्हा आता हे आणखी एक भात्याचे वाद्य कशाला.

पंचवटीत हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना मी काका म्हणते, आणि माझी पेटी वर्षानुवर्षे त्यांच्याच हाताखालून जाते. अकॉर्डियनची कामे त्यांनी पूर्वी केलेली होती. "ताई, आत बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही," एवढेच सांगून त्यांनी भात्याच्या कडेचे बारीक खिळे पकडीने एकेक करून ओढून काढले आणि भाता लाकडी सांगाड्यापासून अलगद सोडवला. आत लाकडी ठोकळ्यांवर मेणाने चिकटवलेल्या रीडच्या रांगा होत्या. प्रत्येक रीड म्हणजे ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिला शेजारी-शेजारी दोन खाचा आणि प्रत्येक खाचेवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेले पोलादी पाते. एक पाते पट्टीच्या एका अंगाला असते आणि दुसरे दुसऱ्या अंगाला, म्हणून भाता उघडताना एक बोलते आणि मिटताना दुसरे. ज्या पात्याची पाळी नसेल त्याच्या खाचेतून हवा वाया जाऊ नये यासाठी तिथे चामड्याची अरुंद झडप चिकटवलेली असते. आमच्या जर्मन बनावटीच्या वाद्याला उजव्या हाताला बोटांनी दाबायच्या ३४ पट्ट्या आणि रीडच्या तीन रांगा आहेत, म्हणजे एकट्या उजव्या बाजूलाच २०४ पाती झाली. डाव्या हाताच्या ७२ बटणांसाठी लागणाऱ्या रीड त्याहून वेगळ्या.

हा तपशील मी मुद्दाम देते आहे, कारण वाद्य बेसूर का होते याचे उत्तर त्यातच आहे. मधमाशीचे मेण आणि राळ यांचे मिश्रण जुने झाले की ठिसूळ होते, त्याला भेगा पडतात आणि रीडची पट्टी ठोकळ्यावर सैल बसते. चामड्याच्या झडपा वाळून वळतात, त्यामुळे पाते बोलायला उशीर लावते किंवा भलतीच हवा ओढते. पोलादी पात्यांना दमट हवेत गंज चढतो, आणि नाशिकचा पावसाळा चार महिने त्याला पुरेसा वेळ देतो. गंजाने पात्याचे वजन बदलते आणि वजनाबरोबर सूरही बदलतो. भात्याच्या कोपऱ्यांतले चामडे फाटले की हवा गळते, मग वाजवणारा जास्त जोर लावतो, आणि जोर वाढला की वाद्य कर्कश होते. आमच्या वाद्यात यांपैकी प्रत्येक दोष होता. आपल्याकडे जी अकॉर्डियन आज ऐकू येतात, त्यांतली बरीचशी अशाच अवस्थेत आहेत असे मला वाटते, कारण ती उघडून नीट दुरुस्त करणारी माणसे फार थोडी उरली आहेत. गळका भाता आणि गंजलेली पाती यांचा दोष लोकांनी वाद्याच्या जातीला चिकटवला, हे मला त्या दुकानातल्या बाकावर बसून पुरते पटले.

काकांनी प्रत्येक ठोकळा बाहेर काढला, रीड सोडवल्या, जुने मेण खरवडले, पात्यांवरचा गंज बारीक ब्रशने काढला आणि नव्या झडपा चिकटवल्या. नवे मेण त्यांनी माझ्यासमोर वितळवले. राळेचे प्रमाण चुकले तर मेण उन्हाळ्यात मऊ पडते किंवा थंडीत तडकते, आणि नाशिकला दोन्ही ऋतू कडक असतात, म्हणून आधी थोडेसे मिश्रण करून ते पाहून घेतले. हे सगळे काम त्यांनी पेटीच्या इतर कामांच्या फटीत केले आणि मी शक्य तितक्या वेळा शेजारी जाऊन बसले.

सूर लावण्याची वेळ आली तेव्हा खरा विचार करावा लागला. पेटीच्या रीडप्रमाणेच इथेही पात्याच्या मोकळ्या टोकाकडचा धातू किंचित खरवडला की सूर चढतो आणि रिव्हेटकडचा खरवडला की उतरतो. पण पेटीची रीड पितळेची आणि एका पात्याची. इथे पोलाद, आणि उघडमिटीची दोन्ही पाती एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवीत. शिवाय बाहेर लावलेला सूर रीड आत बसवल्यावर थोडा हलतो, त्यामुळे काढणे, खरवडणे, बसवणे आणि पुन्हा ऐकणे हे चक्र प्रत्येक सुरासाठी फिरत राहते.

तपासणीत असे दिसले की मधल्या रांगेतला पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सूर ४४२ हर्ट्झवर होता. युरोपात बरीच अकॉर्डियन याच मापावर लावतात. माझी पेटी आणि आमच्या गटातला कीबोर्ड ४४० वर आहेत. हा फरक एका अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे आठ भागांचा, पण दोन वाद्ये एकत्र वाजली की कान तो लगेच पकडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या रांगेची होती. ती मधल्या रांगेच्याच सप्तकात बोलते, पण मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाइतकी आंदोलने दर सेकंदाला ऐकू येतात, आणि अकॉर्डियनचा तो ओळखीचा थरथरता आवाज यातूनच निघतो. फ्रान्सच्या म्यूझेट शैलीत ही थरथर भरपूर लागते आणि तिथे ती सुंदर वाटते. तानपुऱ्यावर घडलेल्या कानाला मात्र तीच थरथर बेसूर वाटते, आणि 'सुरात लागलेले अकॉर्डियन कधी ऐकलेच नाही' या तक्रारीचा मोठा भाग इथून येतो. आमच्या वाद्यात तिसरी रांग ४४६ च्या आसपास होती, म्हणजे सेकंदाला चार आंदोलने. मी आणि काकांनी मिळून मधली रांग ४४० ला उतरवायची आणि तिसरी ४४२ ला ठेवायची असे ठरवले. थरथर निम्मी झाली, आणि कोणत्या रांगा बोलाव्यात हे ठरवणारा खटका बदलून एकटी मधली रांग वाजवली की ती पूर्ण नाहीशी होते. हा खटका अस्तित्वात आहे हेच अनेकांना माहीत नसते. लग्नाच्या मांडवात किंवा चौकात वाजवणारा माणूस आवाज लांब जावा म्हणून सगळ्या रांगा एकदम उघडतो, आणि ऐकणाऱ्यांना तोच या वाद्याचा एकमेव आवाज वाटतो.

भाता पुन्हा बसवल्यावर काकांनी वाद्य एका पट्ट्याने उचलून धरले आणि कोणतीही पट्टी किंवा बटण न दाबता भाता स्वतःच्या वजनाने किती वेगाने उघडतो ते पाहिले. तो अगदी हळू उतरत होता. गळती थांबली होती.

शिकवणीसाठी मी नाशिक रोडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. चर्चमध्ये त्यांनी अनेक वर्षे अकॉर्डियन वाजवले आहे. मी पट्ट्यांवर एक अलंकार वाजवून दाखवल्यावर ते म्हणाले, "बोटे तुमची तयार आहेत, डावा हात तयार नाही. आधी भाता शिका." त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला रियाजातून कळत गेला. आपल्या हार्मोनियमच्या आत हवा साठवणारा दुसरा भाता असतो, स्प्रिंगच्या दाबाखाली तो हवा एकसारखी सोडतो, आणि त्यामुळे बाहेरचा हात थोडा चुकला तरी सूर स्थिर राहतो. अकॉर्डियनला असा साठा नाही. हाताच्या दाबातला प्रत्येक बदल थेट पात्यापर्यंत पोहोचतो. पट्टी जोरात दाबली किंवा हलके दाबली तरी आवाजात फरक पडत नाही. लहान-मोठेपणा, आघात, सुराची सुरुवात आणि शेवट हे सारे डाव्या दंडातून येते.

पहिला धडा एकाच सुराचा होता. मधल्या रांगेचा खटका लावायचा, षड्ज धरायचा, तो ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या आवाजात सुरू करायचा, विलंबित मात्रांवर हळूहळू भरत न्यायचा आणि तसाच मिटवायचा; मग हेच भाता मिटताना. त्यानंतर भाता उलटवण्याचा धडा. सूर न तुटता, त्याला धक्का न बसता दिशा बदलायची. मी पेटीवर इतकी वर्षे घालवूनही एका सुराकडे इतक्या बारकाईने कधी लक्ष दिले नव्हते, कारण पेटीने मला ते मागितलेच नव्हते. चांगला गायक आवाज लावतो तेव्हा सूर आधी कोवळा असतो, मग भरतो, आणि ओळीच्या शेवटी तो ज्या रीतीने सोडला जातो त्यात अर्धे गाणे असते. पेटीवर मी त्याचा आभासच निर्माण करू शकत होते. अकॉर्डियनवर ते साक्षात करता येते.

यातूनच पुढचा मुद्दा निघाला, तो भाता कुठे उलटवायचा याचा. सरांनी भक्तिगीतांच्या वहीत प्रत्येक ओळीवर बाणांच्या खुणा करून ठेवल्या होत्या: इथे उघडा, इथे मिटा. मी आमच्या गटाच्या भावगीतांवर तशाच खुणा करू लागले आणि माझ्या लक्षात आले की योग्य जागा जवळजवळ नेहमी तीच असते, जिथे गायक श्वास घेतो. शब्दाच्या मध्ये भाता उलटला तर अर्थ तुटल्यासारखा वाटतो. यतीवर, म्हणजे ओळीतल्या विरामाच्या जागी, उलटला तर साथ गायकाबरोबर श्वास घेते. ज्या वाद्याला लोक यांत्रिक म्हणतात, त्याने मला कवितेच्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या. काही गाण्यांत मी वर्षानुवर्षे ज्या जागी पेटीवर ठासून सूर धरत होते, ती जागा कवीने विरामासाठी ठेवली आहे हे मला या खुणा करतानाच दिसले.

डाव्या हाताची बटणे पाहून प्रथम धडकी भरते, कारण ती वाजवणाऱ्याला दिसत नाहीत. सगळे काम स्पर्शावर चालते. पांढरी एकच्या बटणावर एक खळगा असतो, त्यावरून हात आपली जागा ओळखतो. पण मांडणी एकदा उलगडली की ती आपल्या संगीताच्या माणसाला पाश्चात्य विद्यार्थ्याइतकीच, किंबहुना अधिक लवकर, आपलीशी वाटते. मूळ सुरांची जी मुख्य ओळ आहे, तिच्यात प्रत्येक बटणाच्या वरचे, म्हणजे हनुवटीकडचे बटण हा त्याचा पंचम असतो आणि खालचे बटण हा त्याचा मध्यम. सगळा फलक षड्ज-पंचम भावावर रचलेला आहे. भात्याच्या बाजूला शेजारची आणखी एक ओळ आहे, तिच्यात त्या त्या सुराचा शुद्ध गंधार मिळतो. म्हणजे षड्जावर बोट ठेवले की पंचम, मध्यम आणि गंधार सगळे बोटाच्या टप्प्यात येतात, आणि गाण्याची पट्टी बदलायची असेल तर हाताची ठेवण तीच राहते, फक्त हात वर किंवा खाली सरकतो. उरलेल्या चार ओळी तयार कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांच्या, आहेत: मेजर, मायनर, डॉमिनंट सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड. व्हिएन्नात सिरिल डेमियन याने १८२९ साली ज्या वाद्याचे पेटंट घेतले त्याची मुख्य कल्पना हीच होती की एका बोटाने पूर्ण कॉर्ड वाजावी. अकॉर्डियन हे नावही कॉर्डवरूनच पडले.

सरांनी मला कॉर्ड रीतसर शिकवल्या आणि मी त्या शिकले. तरीही भावगीतांसाठी मी त्या फार कमी वापरते, आणि त्याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. दोन्ही हातांना हवा एकाच भात्यातून मिळते, म्हणून उजव्या हातातली चाल हलकी ठेवून डावीकडची कॉर्ड आणखी हलकी करणे शक्य नसते. कॉर्ड धरून ठेवली की चाल तिच्याखाली दबते. 'धूम-चक-चक' अशी साथ लोकांना स्वस्त वाटते ती याच सवयीमुळे, सतत कॉर्ड भरत राहिल्यामुळे. कॉर्डचे बटण क्षणभरच टेकवले किंवा अजिबात टाळून नुसते षड्ज-पंचमाचे मूळ सूर दोन शेजारच्या बटणांवर धरले, की वाद्य एकदम गंभीर होते. आता मी बहुतेक गाण्यांत असा षड्ज-पंचम हलका धरते आणि त्यावर मधल्या रांगेत चाल घेते. अंतऱ्यात गायक खाली उतरला की खालच्या सप्तकाच्या रांगेचा, ज्याला 'बसून' (bassoon) म्हणतात तो, खटका लावते. त्याचा आवाज खोल आणि लाकडी आहे आणि पुरुषी गळ्याबरोबर तो फार चांगला मिसळतो.

आपल्या संगीताशी न जमण्याचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. अकॉर्डियनवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही. त्याचा शुद्ध गंधार, समान अंतराच्या सप्तकामुळे, तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे चौदा शतांशांनी चढा असतो. हे दोन्ही दोष खरे आहेत. पण हेच दोष पेटीवरही लावले गेले होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. रवींद्रनाथांसारख्यांनाही ते वाद्य पसंत नव्हते. त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि आज तिच्याशिवाय आपली मैफल पुरी होत नाही. पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली वाद्ये आहेत. दोन्हींचा सूर मोकळ्या पात्यातून येतो, आणि त्या तत्त्वाचे पूर्वज चीनच्या शेंग या प्राचीन वाद्यापर्यंत जातात. पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबॅन यांनी हार्मोनियमचे पेटंट १८४० च्या सुमारास घेतले, म्हणजे अकॉर्डियन त्याच्याहून वडील ठरते. राग मांडण्यासाठी मी अकॉर्डियन सुचवत नाही. भावगीत, भक्तिगीत आणि नाट्यपदाच्या साथीला ते पेटीइतकेच पात्र आहे, आणि सुराच्या चढ-उताराच्या बाबतीत पेटीहून अधिक समर्थ आहे, असे मात्र मी ठामपणे म्हणते.

रियाजाच्या काळात सरांच्या सांगण्यावरून मी पाश्चात्य अभिजात संगीतातले अकॉर्डियन ऐकू लागले आणि त्याच्या योग्यतेबद्दल उरलेली शंकाही गेली. चायकोव्हस्की यांनी १८८३ मधल्या आपल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमध्ये चार अकॉर्डियनची योजना केली होती. हिंडेमिथ आणि आल्बन बर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला स्थान दिले. पण मला सर्वांत अधिक ऐकावेसे वाटले ते सोफिया गुबायदुलिना यांचे काम. त्यांनी १९७८ मध्ये बायान या बटणांच्या रशियन अकॉर्डियनसाठी एकल रचना लिहिली आणि १९८२ मध्ये चेलो, बायान आणि तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी एक मोठी रचना केली. तिच्यात भात्याचा श्वास हाच संगीताचा विषय होतो. सूर कण्हतो, थांबतो, भरून येतो. लुचानो बेरिओ यांनी एकेका वाद्यासाठी लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध मालिकेत १९९५ मध्ये अकॉर्डियनला जागा दिली. इतक्या गंभीर संगीतकारांनी ज्याच्यावर श्रम घेतले, ते वाद्य पार्टीपुरते आहे असे म्हणणे मला यापुढे शक्य नाही.

आपल्याकडचा पुरावाही कमी नाही. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी अकॉर्डियनवर चित्रपटगीते वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि त्या ऐकताना गाण्याचे शब्द मनात आपोआप उमटतात इतका त्यांचा भाता बोलका आहे. केरसी लॉर्ड यांनी १९६९ च्या 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना'साठी वाजवलेले अकॉर्डियन त्या गाण्यातून काढून टाकले तर गाण्याचा निम्मा दाह जाईल. ही उदाहरणे मी आमच्या गटात अनेकदा ऐकवली.

गटात हे वाद्य रुजवणे सोपे नव्हते. आमचे ज्येष्ठ गायक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते पहिल्या तालमीत स्पष्टच म्हणाले, "ताई, तुम्ही पेटीवर बसा. हे वाजलं की मला शब्द सुचत नाहीत." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढच्या तालमीत मी थरथरीचा खटका बंद ठेवला, कॉर्ड वाजवल्या नाहीत, आणि त्यांच्या श्वासाच्या जागी भाता उलटवत एक गाणे शेवटपर्यंत साथ केले. गाणे संपल्यावर त्यांनी तेच गाणे पुन्हा घ्यायला सांगितले, आणि दुसऱ्या वेळी ते ओळींच्या शेवटी नेहमीपेक्षा अधिक थांबले. त्यानंतर त्यांनी स्वतःच माइकबद्दल सूचना केली. अकॉर्डियनचा आवाज दोन्ही अंगांनी बाहेर पडतो आणि डावीकडचे खर्ज सूर माइक जास्त ओढतो, म्हणून आम्ही आता माइक उजव्या जाळीसमोर ठेवतो आणि डाव्या बाजूला वेगळा देत नाही.

वजनाचा प्रश्न आहेच. पूर्ण आकाराचे १२० बटणांचे वाद्य दहा किलोच्या वर जाते. माझे त्याहून हलके असले तरी उभे राहून दोन तास वाजवणे मला झेपत नाही, म्हणून मी खुर्चीवर बसून डाव्या मांडीवर भात्याचा भार घेते. पावसाळ्यात खोक्यात सिलिकाची पुडकी ठेवते आणि वाद्य रोज थोडे तरी वाजवते, कारण पात्यांना हवा मिळत राहणे हाच गंजावरचा चांगला उपाय आहे असे काकांचे सांगणे आहे. उन्हाळ्यात ते बंद गाडीत कधीच ठेवत नाही. तिथे मेण मऊ पडायला वेळ लागत नाही.

सध्या आम्ही नानांच्या दोन गाण्यांवर काम करतो आहोत, आणि त्यांत ७२ बटणांच्या वाद्याची एक खरी अडचण समोर आली आहे. नानांची पट्टी काळी एक. माझ्या फलकावर काळी एकचे मूळ बटण अगदी खालच्या टोकाला आहे; तिचा पंचम, म्हणजे काळी चार, शेजारीच मिळतो, पण तिचा मध्यम, काळी तीन, फलकाच्या वरच्या टोकाला पडतो आणि गाण्याच्या ओघात हात तिथवर पोहोचत नाही. १२० बटणांच्या वाद्यात सुरांच्या रांगा दोन्ही टोकांना पुन्हा येतात, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. पांढरी दोनमध्ये मात्र पंचम आणि मध्यम दोन्ही षड्जाला लागून आहेत. मी हे नानांना फलक दाखवून समजावले. त्यांनी त्यातले एक गाणे अर्ध्या स्वराने चढवून पांढरी दोनमध्ये गाऊन पाहिले, तार षड्जाच्या जागा दोनदा तपासल्या आणि ते तसेच ठेवायला संमती दिली. दुसऱ्या गाण्याचा वरचा टप्पा मोठा असल्याने ते काळी एकमध्येच राहणार आहे. त्यात मध्यमावर आल्यावर मी डावा हात मोकळा सोडते आणि 'बसून'चा खटका लावून खालचा मध्यम उजव्या हाताने घेते.